लेमेल गेला, हाईम आला

लेमेल या नावाचा अर्थ कोकरू. ज्याला हे नाव ठेवलं होतं तो माणूस दारातून आत यायचा तेव्हा आधी आवाज यायचा, मग पोट, आणि त्यानंतर उरलेला लेमेल. ब्रन्सविकमधल्या त्याच्या कारखान्यात स्वेटर विणायची यंत्रं दिवसभर खडखडत असायची. तरीही मालक आज कुणाला झापतोय, हे रस्त्यापलीकडच्या ग्रीक पाववाल्याला बसल्या जागी कळायचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार. त्याची बायको फेला म्हणायची, "ह्याच्या आईनं पाळण्यात नीट वाकून बघितलंच नसणार. म्हणे कोकरू!"

तर हे कोकरू त्या वर्षी भर उन्हाळ्यात आजारी पडलं. सगळं मेलबर्न घामानं निथळत होतं आणि लेमेलला हुडहुडी भरलेली. सर्दीचा खोकला झाला, खोकल्याचा न्यूमोनिया झाला, आणि हृदय तर आधीपासूनच कुरकुरत होतं. इस्पितळातल्या पोरसवदा डॉक्टरनं फेलाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "घरच्यांना बोलावून घ्या."

घरचे आले. मुलगी फ्रीडा आली, रडायची तयारी करूनच आली. नात इलाना आली, दिवस अगदी भरत आलेले, पोटावर हात ठेवून हळूहळू चालत. तिच्या मागून तिचा नवरा डोरॉन आला. तो दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडून बघण्यात त्याचं आयुष्य चाललेलं, त्यामुळे स्वतःचं उघडायला त्याला जरा वेळ लागायचा.

त्या दिवशी मात्र त्यानं उघडलं. लेमेल डोळे मिटून घरघरत पडला होता, फेला त्याच्या उशाशी बसली होती, आणि डोरॉन खिडकीपाशी इलानाच्या कानात कुजबुजत होता. फेलाचं वय झालं होतं, पण कान अजून कोवळे होते.

"अगं, मुलगा झाला तर आता लेमेल ठेवावं लागणार?"

"श्श! आजोबा अजून आहेत."

"आहेत गं. पण समजा. पूर्ण नाव नाही घेतलं, नुसतं पहिलं अक्षर घेतलं तर चालतं ना? लिओ? किंवा लिआम?"

फ्रीडानं नाक पुसलं आणि मध्येच म्हणाली, "लिओ बरंय. कोकराचा सिंह झालेला बाबांना आवडेल."

पोलंडकडच्या यहुद्यांत जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. मृत्युदूत दारात यायचा आणि एकाच नावाचे दोघं बघून भलत्यालाच उचलून न्यायचा, ही भीती. नाव मोकळं व्हायचं तर आधी माणूस मोकळा व्हावा लागतो. आणि तो झाला, की पुढचं मूल जन्माला येतं तेच ते नाव डोक्यावर घेऊन. त्यामुळे डोरॉनचं काही चुकलं नव्हतं. पण फेलाच्या मनात आलं, माणसाचा श्वास अजून चालू आहे, आणि ह्यांनी त्याचा 'ल' तेवढा घरी न्यायला बांधूनसुद्धा ठेवला.

दुपारी त्यांचे धर्मगुरू, रब्बी पिंखस, आले. लाल दाढीचा तरुण माणूस, काखेत सायकलचं हेल्मेट. त्यांनी लेमेलकडे पाहिलं, फेलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मिसेस श्मर्लिंग, आपण ह्यांचं नाव बदलू या."

"ह्या वयात?"

"ह्याच वेळेला बदलतात. वरून हुकूम सुटतो तो नावानं. लेमेल, मोटेलचा मुलगा. दूत येणार, विचारणार, लेमेल कुठाय? आपण सांगायचं, ह्या खोलीत ह्या नावाचं कुणी नाही."

"आणि त्यानं चेहरा बघितला तर? हे नाक उभ्या मेलबर्नला पाठ आहे."

"अहो, वरचे झाले तरी कारकूनच ते," रब्बी म्हणाले. "कागदावर असेल तेवढंच बघतात."

फेलाला पटलं. कारकून तिनं पुष्कळ पाहिले होते. "कुठलं नाव द्यायचं?"

"आल्टर देतात बऱ्याचदा. म्हणजे म्हातारा. आजारी तान्ह्या मुलाला म्हातारा म्हटलं, की दूत गोंधळतो."

"तो तान्हं मूल शोधत असेल तर गोंधळेल ना! इथे तो म्हाताऱ्यालाच शोधत येतोय. तुम्ही तर त्याला पत्ताच सांगताय."

रब्बींनी दाढी खाजवली. "मग हाईम. म्हणजे आयुष्य. ह्यात काही खोट नाही."

त्यांनी स्तोत्रं म्हटली आणि मग विधीतले शब्द म्हटले. ह्या माणसावर जे काही लिहिलं गेलं असेल ते लेमेलवर लिहिलं गेलं, हाईमवर नाही. हा आता दुसराच माणूस आहे, नव्यानं घडवलेला, आत्ताच जन्मलेल्या बाळासारखा, चांगल्या आणि लांब आयुष्यासाठी जन्मलेला. फ्रीडा ढसाढसा रडली. नवजात बाळ तोंड उघडं टाकून घोरत होतं.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. रब्बी म्हणाले, नाव लागू पडलं. पेशंट म्हणाला, "मला खारवलेला हेरिंग मासा पाहिजे, आणि कांदा."

फेलाच्या डोळ्यांना धार लागली. ती त्याचा हात धरून म्हणाली, "लेमेल! अरे लेमेल!"

तो छताकडे बघत राहिला.

"लेमेल, ऐकू येत नाही का?"

"कुणाला हाका मारतेयस? इथे लेमेल कुणी नाही. लेमेल गेला बिचारा. मी हाईम."

"चावटपणा पुरे."

"चावटपणा काय त्यात? रब्बी बोलला. दुसराच माणूस, नवजात बाळ. मी सगळं ऐकत होतो. डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले." मग त्याचा जुना आवाज खोलीभर घुमला. "लिआम! आयरिश दारूवाल्याचं नाव! ह्यासाठी मरू मी?"

फेलाला वाटलं, इस्पितळातली गंमत इस्पितळातच राहील. पण हाईम तिच्याबरोबर टॅक्सीत बसून घरी आला आणि ठाण मांडून राहिला. ती म्हणाली, "लेमेल, कचऱ्याचा डबा बाहेर ठेव," तर उत्तर यायचं, "ते काम लेमेलकडे होतं." ती म्हणाली, "मीठ नको खाऊस, डॉक्टरनं सांगितलंय," तर म्हणायचा, "सांगितलं त्याला. माझं हृदय कोरं आहे." कोरं हृदय रोज संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीत बसून खारवलेल्या काकड्या चघळायचं.

एक गोष्ट मात्र बरी झाली. एका सकाळी त्यानं फोन उचलला आणि धाकट्या भावाला, हर्शला लावला. हर्श म्हणजे हरीण. हरीण आणि कोकरू दोघांनी मिळून कारखाना काढला होता. पाटीवर कुणाचं नाव आधी घालायचं ह्यावरून त्यांचं असं वाजलं, की पाटी लागण्याआधीच भागीदारी मोडली. तेव्हापासून लग्नात, मयतात, सिनेगॉगात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे.

"हॅलो. हाईम बोलतोय," फेलाला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "नाही, तू नाही ओळखत मला. तुझा एक भाऊ होता ना, लेमेल? हां, गेला तो. फार हट्टी होता म्हणतात. माझं तुझं काहीच भांडण नाही. कॉफी पिणार?"

फोनमधला आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. पण हर्श रडतोय की हसतोय ते फेलाला कळेना. दोघा म्हाताऱ्यांनी अक्लंड स्ट्रीटवरच्या केकवाल्याकडे जाऊन खसखशीचा अख्खा केक फस्त केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठवड्याभरात त्यांचं फुटबॉलवरून कडाक्याचं भांडण झालं. पण हे भांडण नवं होतं, जुन्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, त्यामुळे तेही लवकर मिटलं.

ह्या यशानं हाईम भलताच चढला. तो रब्बींकडे गेला आणि म्हणाला, "लेमेल हे नाव रिकामं पडलंय. नातीला मुलगा झाला तर त्याला का देऊ नये?"

"पण तुम्ही जिवंत आहात!"

"मी आहे. लेमेल नाही. तुम्हीच घालवलात त्याला."

"अहो, आम्ही नाव जोडतो. तुम्ही आता हाईम लेमेल. पुढे हाईम, मागे लेमेल."

"म्हणजे तुम्ही देवाला फसवलंत?"

रब्बी म्हणाले की पुस्तकं बघून सांगतो. त्यानंतर काही दिवस ते श्मर्लिंगांच्या गल्लीतून सायकल न नेता लांबच्या रस्त्यानं जायला लागले.

सगळ्यांना मोठी मौज वाटत होती. फेलाला मात्र दिवसेंदिवस आतून चिडचिड व्हायला लागली. आधी तिलाही कळेना कशाची. नवरा जिवंत आहे, भावाशी बोलतोय, कधी नव्हे ते तिला 'दमलीस का' म्हणून विचारतोय. मग एका दुपारी ती मटार सोलत असताना तो सहज म्हणाला, "हा लेमेल माणूस म्हणून कसा होता गं?" आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सांगू कसा होता?" ती म्हणाली. "फ्रीडा झाली तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर पडले होते. उठता येत नव्हतं. मी त्याला सांगितलं होतं, मुलीचं नाव श्प्रिंत्सा ठेवायचं. माझ्या आईचं. तो हो म्हणाला. शनिवारी सिनेगॉगात गेला, तोराच्या पोथीसमोर उभा राहिला, आणि परत आला तो पेढेवाल्यासारखा हसत. म्हणाला, फ्रेदा. त्याच्या आईचं नाव, त्याचीच इथे फ्रीडा झाली. माझ्या आईला ना थडगं, ना दगड, ती तिकडे पोलंडमध्येच छावणीच्या धुरात गेली. एक नाव होतं, तेही त्यानं होऊ दिलं नाही."

तो मटाराच्या भांड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हलकटच होता म्हणायचा. मी असतो तर घरात घेतला नसता त्याला."

फेलानं हातातलं ओलं फडकं त्याच्या तोंडावर फेकून मारलं.

आता तिला कळलं चिडचिड कशाची. इतकी वर्षं तिनं एका माणसाचा हिशोब मनात धरून ठेवला होता. तो माणूस एक दिवस क्षमा मागेल, नाहीतर निदान 'हो, केलं मी' म्हणेल, अशी तिची समजूत होती. आणि तो मागच्या दारानं निसटला! त्याच्या खुर्चीत हा कोण साळसूद येऊन बसला होता, सगळ्या जगाशी गोड बोलणारा, आणि त्याला काही विचारावं तर म्हणे, मी त्या गावचाच नव्हे.

इलाना बाळंत झाली. मुलगी झाली. लिओ, लिआम आणि लेमेल तिघेही एका फटक्यात निकालात निघाले, आणि रब्बी पुन्हा जवळच्या रस्त्यानं सायकल न्यायला लागले.

फेला हाईमला बरोबर घेऊन, शेवया घातलेलं कोंबडीचं सूप घेऊन नातीकडे गेली. मुलगी दूध पिऊन झोपली होती, मूठ गालाशी धरून. फेलानं बराच वेळ मनाशी शब्द जुळवले आणि म्हणाली, "नाव ठरलं का गं?"

"डोरॉनच्या आजीचं. ती गेल्या वर्षी गेली ना. मल्का."

"मल्का. राणी. छान आहे." फेलानं सुपाचं झाकण पुन्हा लावलं. "माझ्या आईचं नाव तुला माहीत आहे?"

"काय होतं?"

"श्प्रिंत्सा."

इलानाला हसूच आवरेना. टाके दुखायला लागले तरी हसत होती. "बूबा, हे नाव आहे की शिंक?"

आजीला बूबा म्हणणाऱ्या ह्या पोरीवर फेलाला कधी रागावता यायचं नाही. तीही हसली. "त्याचा अर्थ आशा. फार जुनं नाव, स्पेनमधून आलेलं म्हणतात. वाटेत पोलंड लागलं आणि त्याची शिंक झाली." मग ती भांडी घासायला उठली. सिंकमध्ये एकच कप होता. तो तिनं बराच वेळ घासला. हाईम दारात उभा होता. फेलाला वाटलं, त्यानं ऐकलं नसावं.

पुढच्या शनिवारी सगळं घर सिनेगॉगात जमलं. सकाळपासून उत्तरेचा गरम वारा सुटला होता. बायका वरच्या सज्जात, पुरुष खाली. फेलाच्या एका बाजूला फ्रीडा, दुसऱ्या बाजूला इलाना बाळाला घेऊन. तिच्या पलीकडे डोरॉनची आई थेल्मा बसली होती, डोक्यावर एवढी मोठी हॅट, की मागच्या रांगेतल्या बायकांना नुसती हॅटच दिसत होती. थेल्मा जोहान्सबर्गची, तोंडानं फटकळ. फेलाचं आणि तिचं तसं बरं होतं, म्हणजे सणावारी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं न ठेवण्याइतपत. मल्का तिची आई. आज थेल्मा सारखा रुमाल शोधत होती.

खाली पुकारा झाला. आजारातून उठलेल्या माणसानं तोरासमोर येऊन देवाचे आभार मानायचे असतात, म्हणून आधी म्हाताऱ्याची पाळी, आणि त्याच्यामागून, मुलीचं नाव पुकारायला, डोरॉनची. सिनेगॉगचा कारभारी अर्धा बहिरा होता आणि त्यामुळे दुप्पट ओरडायचा.

"हाईम लेमेल, मोटेलचा मुलगा!"

"नुसतं लेमेल म्हण," म्हातारा म्हणाला.

फेलानं चमकून खाली पाहिलं. हे काय आता? ज्या नावाला हा माणूस महिनाभर ओ देत नव्हता, ते नाव आज मागून घेत होता. त्याचे खांदे तिला ओळखीचे वाटले. कारखान्यात कुणाला तरी फैलावर घ्यायच्या आधी ते असेच वर चढायचे.

लेमेलनं आभार मानले. रिवाजाप्रमाणे तो तिथेच टेबलाशी बाजूला उभा राहिला. डोरॉनची पाळी झाली. कारभारी त्याच्याकडे वाकला आणि म्हणाला, "मुलीचं नाव?"

डोरॉननं घसा साफ केला. चष्मा सरळ केला. तोंड उघडलं.

"श्प्रिंत्सा!" लेमेल गरजला.

खालच्या रांगेतून कुणीतरी, शिंक समजून, खरोखरच "औक्षवंत हो" म्हणालं.

एक क्षण, एकच क्षण, फेलाला स्वर्ग दिसला. एवढ्या माणसांत, तोरासमोर, तिच्या आईचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं. त्या आवाजानं छताचे दिवेसुद्धा हलल्यासारखे वाटले. तिनं छातीवर हात ठेवला. आणि मग तिची नजर थेल्माकडे गेली.

थेल्माच्या हातात अखेर सापडलेला रुमाल तसाच होता. तिचा चेहरा नुसता उतरला होता, कुणी मध्येच दिवा घालवावा तसा. हा चेहरा फेलाच्या ओळखीचा होता. आरशात नाही बघितला, पण बाळंतिणीच्या खाटेवर तिनं तो आतून बघितला होता.

ती उठली आणि सज्जाचा कठडा धरून ओरडली, "थांब! ए लेमेल! तोंड आवर आधी!"

खाली शंभर डोकी वर वळली.

"अगं, तुझ्याच आईचं नाव घेतोय!" लेमेल खालून म्हणाला.

"माझ्या आईचं नाव चोरून नकोय मला! एकदा केलंस तेवढं पुरलं नाही? मुलीच्या आईला विचारलंस? बापाचं तोंड तरी पुरतं उघडू दिलंस?"

"तेव्हा केलं ते फेडतोय!"

"असं? एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याचं फेडतोयस होय!"

रब्बी पिंखस प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून बसले होते. शाल गदागदा हलत होती. ते रडतायत की हसतायत, ते कळायला मार्ग नव्हता.

"मग मी म्हणू काय?" कारभारी ओरडला. "श्प्रिंत्सा म्हणू का काय म्हणू? घरी माझं चोलंटचं पातेलं करपायला आलंय!"

"मल्का!" फेला म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ती पुन्हा म्हणाली, "मल्का. ठरलंय तेच."

तेवढ्यात थेल्माला वाचा फुटली. "एक मिनिट. श्प्रिंत्सा म्हणजे कोण?"

"माझी आई."

"तुझी आई? मग इतके दिवस बोलली का नाहीस? मला वाटलं, हा म्हातारा पोलिशमध्ये शिवी देतोय!" तिनं हॅट सरळ केली. "अगं, दोन्ही ठेवा की. माझ्या आईला घरात एकटीला कधीच करमायचं नाही."

"हो, पण..." फ्रीडानं सुरुवात केली.

"झालं का तुमचं सगळ्यांचं?"

हा आवाज इलानाचा होता. ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली रात्री जागल्याची काळी वर्तुळं. "नऊ महिने मी वागवली. टाके मला. झोप माझी गेली. आणि मला सोडून सगळ्या सिनेगॉगानं मत दिलं. खालच्या त्या 'औक्षवंत हो'वाल्यानंसुद्धा."

बाळानं एक ढेकर दिली.

"मल्का श्प्रिंत्सा," इलाना म्हणाली. "आणि दुसरं नाव शाळेच्या फाटकात कुणी उच्चारलं, तर त्याच्याशी मी जन्मात बोलणार नाही. डोरॉन, सांग त्यांना."

डोरॉननं तोंड उघडलं आणि ह्या खेपेला शब्द बाहेर आले. कारभाऱ्यानं दोन्ही नावं एवढ्या मोठ्यानं पुकारली, की ट्रामच्या थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांनाही बारशाचं पुण्य लागलं असेल. फेला खाली बसली. थेल्मानं तिच्या मांडीवर आपला रुमाल ठेवला. तो आधीच पूर्ण भिजलेला होता, पण फेलानं घेतला.

प्रार्थना संपल्यावर बाकीची मंडळी पुढे गेली. लेमेलला भराभर चालायची बंदी होती, म्हणून फेला त्याच्याबरोबर मागे राहिली. वाऱ्यानं रस्ताभर धूळ आणि सुकी पानं उडत होती. तो एका झाडाच्या सावलीत थांबला, दम लागल्याचं निमित्त करून.

"फेला."

"कोण बोलतंय?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "कोकरू की बाळ?"

"लेमेल." त्यानं टोपी काढली आणि कपाळ पुसलं. "केलं ते मी. दुसरं कुणी नव्हतं. घरातून निघालो तेव्हा श्प्रिंत्साच मनात होतं. खरं सांगतो. तिथे उभा राहिलो, कारभाऱ्यानं नाव विचारलं, आणि मला भीती वाटली. हर्शला दोन्ही मुलगेच, आईचं नाव त्याच्याकडे राहणार नव्हतं. म्हटलं, हिच्या आईचं ठेवलं तर माझी आई कुठे जाईल? म्हटलं, पुढची मुलगी होईल तिचं ठेवू. शपथ घेतली होती मनात."

"पुढची झालीच नाही."

"नाही झाली. मग तुला तोंड कसं दाखवायचं? मोठ्यानं बोलत राहिलो. मोठ्यानं बोललं की समोरच्याला विचारायला फट सापडत नाही."

इतकी वर्षं वाट बघितलेलं वाक्य कानावर पडल्यावर खूप काहीतरी होईल असं फेलाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पायातला बूट जरा सैल करावा, तेवढंच झालं. पण तेही काही थोडं नव्हतं.

"आणि आज काय केलंस? पुन्हा तेच."

"हो," तो म्हणाला. "मला दुसरं येतच नाही." आणि थोडं थांबून त्यानं विचारलं, "कशी होती गं ती? तुझी आई. मी कधी विचारलंच नाही."

फेलानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. थट्टा करत नव्हता.

"आशा नाव असलेली बाई," ती म्हणाली, "आणि दिवसाची सुरुवात करायची ती 'आज काही धड होणार नाही' म्हणून. बाजारात हंस विकायची. शिव्या अशा द्यायची, की शेजारचा कोळी दुकान बंद करून ऐकायला यायचा. एकदा माझ्यासाठी लग्नं जुळवणारा दलाल एक स्थळ घेऊन आला. मुलगा चाळिशीचा, तोंडात दात नाहीत. म्हणतो कसा, तुमच्या मुलीला ह्याहून चांगलं काय मिळणार? तर आईनं हंस घेतला, जिवंत, फडफडणारा, मानेला धरून..."

"आणि?"

"हाणला त्याच्या डोक्यात. दलालाची टोपी गेली, हंसही गेला उडून. मग सगळा बाजार हंसामागे. गावचे रब्बीसुद्धा धावत होते, दाढी सांभाळत."

लेमेल हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता तो झाडाला टेकला, आणि फेला त्याची पाठ चोळत पुढचं सांगत राहिली.